हिरव्या दोऱ्याचा खिळा

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मोठी धुण्याच्या ढिगातून चादरी वेगळ्या काढत होती, आणि तिच्या बोटांना एक गाठ लागली. डोळे भलतीकडेच होते, इस्त्रीवालीच्या टेबलाकडे, कारण इस्त्रीवाली बोलायला लागली की तिचा हात थांबतो, आणि हात थांबला की कुणाच्या तरी सदऱ्यावर इस्त्रीचा पिवळा त्रिकोण उमटतो. बोटं आपली आपण चालली होती. तीन टाके. एक टाका नि उजवीकडे गाठ. चार टाके. दोन टाके, डावीकडे गाठ. बोटं पुढे गेलीसुद्धा, पुढच्या अभ्र्याच्या शिवणीवर जाऊन थबकली, आणि परत मागे आली. तिनं मान वळवली. दोरा हिरवा होता. उडालेला, साबणानं पांढरट झालेला, पण हिरवाच. दोन टाके आणि डावीकडे गाठ ही खूण साऱ्या शहरात एकाच घराची होती, आणि त्या घराचं धुणं या लाँड्रीत आजवर एकदाही आलेलं नव्हतं.

लाँड्री तिची होती. तिला सगळे मोठ्याबाई म्हणायचे, पूर्वी कुणीतरी धाकटी होती म्हणून ही मोठी; धाकटी गेली, मोठीचं मोठेपण राहिलं. शाळेत ती दीड वर्ष गेली होती, आणि त्या दीड वर्षातलं जे काही उरलं होतं ते पाकिटावरचं स्वतःचं नाव ओळखण्यापुरतं. म्हणून तिनं दाराजवळच्या भिंतीवर लाकडी फळा ठोकला होता आणि त्यावर खिळे. एक घर, एक खिळा. प्रत्येक खिळ्याला त्या घराचा दोरा गुंडाळलेला, आणि त्याच रंगाचा त्या घराच्या कपड्यांना टाका. खिळे ओळीत नव्हते. शहर जसं पसरलं होतं तसेच ते फळ्यावर पसरले होते. नदी म्हणून एक रिकामी वाकडी जागा, रुळाच्या पलीकडची वस्ती खाली उजवीकडे दाटीनं, दवाखान्याचा एक जाडजूड खिळा मधोमध. चाळीस वर्षांत शिकलेसवरलेले कितीजण आले आणि त्या फळ्यापुढे डोकं खाजवून गेले. मोठी म्हणायची, तुम्हाला अक्षर लागतं, मला लागत नाही, यात अडाणी कोण ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिनं चादर ढिगातून ओढून काढली नाही. वर अभ्रा टाकून झाकली, आणि गाडीवाल्याला हाक मारली. त्याला सगळे लांब्या म्हणत, कारण गाडीत बसताना तो तीन ठिकाणी दुमडायचा.

"लांब्या, आज कुठं कुठं गेलास?"

"जिथं पाठवलंत तिथं. फोनवर आलं तसं."

"मोठ्याबाईंनी नाही पाठवलं. मुंग्यांनी पाठवलं." इस्त्रीवाली मध्येच बोलली आणि हसली.

"तू इस्त्री कर. हां, बोल. कालव्याच्या टोकाला गेला होतास?"

"गेलो होतो ना. फोनवर नवीन घर दिसलं. दार ठोठावलं तर सांभाळणाऱ्या बाईनं उघडलं. म्हणाली, आम्ही कुणाला बोलावलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे नोंद आहे, लाँड्रीतून आलोय. आतून म्हातारीनं विचारलं, कुठल्या लाँड्रीतून? मी सांगितलं. मग म्हणाली, माझ्या खालची काढून दे त्याला."

"खालची म्हणजे?"

"म्हणजे अंगाखालची हो. ज्यावर झोपली होती तीच. त्या बाईनं हिला कुशीवर वळवून चादर ओढून काढली. हातात घेतली तेव्हा गरम होती." लांब्यानं तळहाताकडे पाहिलं. "आणि जाताना एवढंच विचारलं, कुठल्या वाटेनं आलास रे? म्हटलं, कालव्याच्या कडेनं. तर हसली. आता यात हसण्यासारखं काय आहे मोठ्याबाई?"

मोठी वाफेच्या नळीकडे बघत राहिली, जणू नळीनंच काहीतरी आगाऊ विचारलं होतं.

मुंग्या नातीच्या होत्या. नात म्हणजे थोरल्या मुलाची मुलगी, कॉम्प्युटर शिकून आलेली, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहणारी, आणि आजीचं बोलणं खाली पडू न देणारी एकटीच. दोन महिन्यांपूर्वी तिनं म्हटलं होतं, आजी, तुझ्या गाड्या किती उलटसुलट फिरतात, मी तुला सगळ्यात छोटा फेरा काढून देते. मोठी म्हणाली होती, तू जन्मायच्या आधीपासून मी फेरे काढतेय. नात म्हणाली, दोनशे चौदा घरं आहेत; एक एक करून सगळे फेरे तपासायचे म्हटले तर सूर्य विझून जाईल तरी तपासून होणार नाहीत. म्हणून तपासायचे नाहीत, शोधायचे. कॉम्प्युटरात दोनशे मुंग्या सोडायच्या. खऱ्या नव्हे, हिशेबातल्या. प्रत्येक मुंगी सगळ्या घरांना एकदा शिवून परत येते. कुणीच हुशार नसते. कुणालाच सगळं शहर दिसत नाही. पण जिचा फेरा लहान, तिच्या वाटेवर वास जास्त पडतो, आणि पुढची मुंगी निघताना वास हुंगते नि जवळचं घर बघते, आणि तरीही अधूनमधून उगाच भलतीकडे वळते. असे हजार फेरे झाले की वाट आपोआप वर येते, कढत्या दुधावर साय यावी तशी. शोधायच्या अशा पुष्कळ रीती आहेत म्हणे. पाखरांच्या थव्याची एक आहे, मधमाश्यांची एक आहे, एकात दोन बऱ्या उत्तरांची सोयरीक जुळवून त्यांचं पोर काढतात. "मग आम्हाला मुंग्याच का? आमची काय तेवढीच लायकी?" मोठीनं विचारलं होतं. "तुझं काम फिरायचं आहे म्हणून," नात म्हणाली. "आणि तू मध घालणार नाहीस म्हणून."

पहिल्यांदा मुंग्या मोठीच्याच निघाल्या. नातीनं गाडीवाल्यांना विचारून रोजचे फेरे मुंग्यांना आधी शिकवले होते, आणि दहा दिवस झाले तरी मुंग्या त्याच वाटेनं जात राहिल्या, वीटभट्टीवरून, फाटकावरून, तशाच. मोठीला कोण आनंद झाला. साऱ्या लाँड्रीला तिनं चहा पाजला. "बघ. दोनशे जणींनी शोधलं तरी माझ्याच वाटेवर आल्या." नात खट्टू होऊन म्हणाली होती, "आजी, हे शोधणं नाही. हे अडकणं आहे. तुझा वास इतका दाट होता की कुणाला दुसरीकडे जायची हिंमतच झाली नाही." मग तिनं ते सगळं पुसलं. या वेळी कुणाला विचारायचं नाही असं ठरवून तिनं फळ्याचा फोटो काढला, शहराच्या नकाशावर पसरला, आणि प्रत्येक खिळा ज्या घरावर पडला ते घर मुंग्यांना दिलं. दोनशे चौदा घरं गाडीवाल्यांनी सांगितली होती. फळ्यावर खिळे दोनशे पंधरा होते. नातीला वाटलं, गाडीवाले एक विसरले.

चादर मोठीनं जेवणाच्या सुट्टीत उघडली, सगळे मागच्या ओट्यावर गेल्यावर. चादर वाचणं तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कुणाला शिकवलं नाही. कुठल्या घरात नवरा-बायको बोलत नाहीत, कुणाच्या घरात पाहुणा मुक्काम हलवत नाही, कुणाचं पोर अजून अंथरूण ओलं करतं, हे तिला धुण्यातून कळायचं आणि तिच्या पोटात राहायचं. तिनं चादर टेबलावर पसरली. जुनी, पातळ, दिव्यापुढे धरली तर पलीकडचं दिसेल अशी. मध्ये विरली म्हणून कुणीतरी ती उभी फाडून कडा मध्ये आणून शिवली होती, आणि मधले विरलेले भाग कडांना गेले होते, त्यामुळे जी खूण कोपऱ्यात असायची ती आता बरोबर मध्यावर आली होती. शिवण बारीक, सरळ, धाकटीची. धाकटीला शिवण यायची, मोठीला नाही; पण हिरवा टाका मोठीचा होता, ओबडधोबड, सुई कापडात खुपसून बाहेर काढायची घाई असलेला. उशाकडे औषधाचा तपकिरी ओघळ. मालिशच्या तेलाचा वास, तो हुंगताना घशाला गार लागतो तसा. टाचांच्या जागी कापड गुळगुळीत झालेलं, म्हणजे पाय उचलले जात नाहीत, घासतात. महिना दीड महिना अंथरुणाला खिळलेलं माणूस. आणि अशी माणसं किती दिवस चादरी पाठवतात याचाही तिला अंदाज होता, तो तिनं मनात पूर्ण होऊ दिला नाही. सगळा घाम चादरीच्या उजव्या अर्ध्या भागात होता. डावा अर्धा भाग स्वच्छ, नुसत्या घड्यांचा. तिला आधी वाटलं, एका कुशीवर पडून असेल, दुसरी कूस दुखत असेल. मग तिचा हात त्या स्वच्छ भागावर गेला आणि तिथंच राहिला. लहानपणी दोघी एकाच पलंगावर झोपत. मोठी डावीकडे, भिंतीला, कारण मोठीला भिंत लागायची. धाकटी उजवीकडे, कारण धाकटीला पहाटे कुणाला न उठवता निसटता यायचं. दोन टाके म्हणजे दोघी, आणि गाठ डावीकडे, म्हणजे मोठीकडे. हे आता या वयात आठवायची काही गरज नव्हती.

चादरीची घडी दोघींनी घालावी लागते. समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, मागे झुकून ओढायचं, म्हणजे सुरकुत्या जातात. मग एकीनं चालत दुसरीकडे जायचं आणि टोकं तिच्या हातात द्यायची. धाकटी ओढायची ती पाठीच्या कण्यातून. चादर तबल्यासारखी ताणली जायची, आणि मग ती हसत, पळतच मोठीकडे यायची, टोकं हातात देताना तिच्या बोटांना साबणाचा नि उन्हाचा वास असायचा. त्यानंतर मोठीनं किती जणींबरोबर घड्या घातल्या. इस्त्रीवालीबरोबर, सुनेबरोबर, नातीबरोबर. कुणी हातानंच ओढतं, कुणी अर्ध्यात सोडतं, कुणी मोबाइल वाजला म्हणून टोक काखेत दाबतं. मोठी सगळ्यांना बोलते. तुम्हाला ओढता येत नाही, तुमच्या हातात जीव नाही, चादर आहे, साप नाही. ती काय शोधते ते कुणाला कळत नाही, आणि तिनंही कधी विचार केला नव्हता, आता वाफेनं भरलेल्या खोलीत एकटी उभी राहून एका चादरीची चार टोकं दोन हातांत जमवण्याची खटपट करेपर्यंत.

ती मशिनात घातली नाही तिनं. मागच्या हौदावर नेली, जिथं आता फक्त पायपुसणी धुतात, आणि पदर खोचून बसली. पाणी कोमट, साबण थोडा, घासायचं नाही, नुसतं दाबायचं. पाण्यात चादर फुगली, पोटाखाली हवा धरून वर आली, जणू खाली कुणी झोपलं आहे. मोठीनं ती दाबली आणि तिच्या हाताखालून पाणी थोडं तपकिरी झालं, औषधाचं, बाकी काही नाही, पण तिला ते लाल दिसलं. हौद तोच होता. असंच पाणी या मोरीतून गेलं होतं, लाल, विटेच्या भुकटीचं, एकतीस वर्षांपूर्वी. बाबा मागच्या खोलीत होते. पहाटेपासून धाकटीचं नाव घेत होते, मोठी पायथ्याशी बसलेली असूनही. धाकटी हातगाडी घेऊन कपडे पोचवायला गेली होती. रोज ती नवी वाट धरायची, गल्लीबोळातून, कालव्याच्या कडेनं, लोकांच्या परसांतून, आणि रोज मोठी तिला बोलायची: भटकभवानी, सरळ जाशील तर पाय मोडतील का? आदल्या संध्याकाळी फार बोलली होती. म्हणून त्या दिवशी धाकटीनं ऐकलं. एकदाच. मोठीच्या वाटेनं आली, वीटभट्टीवरून, फाटकावरून. फाटक बंद होतं, मालगाडी तासभर उभी राहिली. ती दारात आली तेव्हा बाबांच्या अंगावर पांघरूण ओढून झालं होतं, तेसुद्धा याच लाँड्रीतलं, खळ घातलेलं.

आणि घर माणसांनी भरलेलं असताना मोठी बोलली होती. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बापाचे डोळे दाराकडे लागले होते आणि ही नव्या वाटा शोधत हिंडत होती. धाकटी म्हणाली, "ताई, मी तुझ्याच वाटेनं आले." मोठी म्हणाली, "मेलेल्या बापासमोर तरी खोटं बोलू नकोस." मग ती अंगणात आली, कशासाठी आली तेही तिला आठवत नाही, आणि तिनं हातगाडीची चाकं पाहिली. आऱ्यांच्या सांध्यांत, लोखंडी धावेच्या कडेला, लाल भुकटी बसली होती. विटेची. साऱ्या शहरात तो रस्ता एकच. कालव्याच्या कडेला काळी माती आहे. ती तिथं उभी राहिली. आत कुणीतरी रडत होतं. तिला आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. त्याऐवजी तिनं बादली भरली. कपड्यांवरचे डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाकडावरचेही तिनं काढले, आरा न् आरा, सांधा न् सांधा, आणि लाल पाणी मोरीतून गेलं. आठ दिवसांनी धाकटी आपलं गाठोडं घेऊन गेली. अंथरुणातली एक चादर नेली. काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यात आलं की ती कालव्याच्या टोकाला दोन खोल्यांत राहते, लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. त्या दुपारी मोठीनं फळ्यावर हिरव्या दोऱ्याचा एक खिळा ठोकला. कुणी विचारलं तर म्हणायची, बंद पडलेलं घर आहे. मग विचारणारे बदलले, आणि खिळा राहिला.

चादर दोरीवर टाकून ती स्टुलावर टेकली. ऊन वाफेतून येत होतं, सगळं पांढरं, कडा नसलेलं. तिचा डोळा लागला की नाही कळलं नाही. हिरव्या दोऱ्यावरून मुंग्या निघाल्या होत्या, बारीक, काळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर एक बोचकं. त्या चादरीवरून उतरत होत्या, हौदाच्या काठानं, फळ्यावर चढत होत्या, खिळ्याला शिवून पुढे. प्रत्येकीचं तोंड मोठीचं होतं. सगळ्या एकीमागे एक, नाक खाली घालून, वीटभट्टीच्या वाटेनं, आणि फाटक बंद होतं, तरी मागच्या येतच होत्या, एकमेकींच्या अंगावर चढत, ढीग वाढत होता, आणि कुणी मान वर करून बघत नव्हती, कारण वास पुढेच ओढत होता. मोठी ओरडत होती, अगं वळा, कुणीतरी वळा. एक वळली. एकटीच. कालव्याच्या काळ्या मातीत तिचे पाय उमटत गेले, आणि मोठीला तिचं तोंड दिसलं नाही, नुसती पाठ.

"आजी, झोपलीस?" नात समोर उभी होती, हातात कप.

"झोपते कशाला? डोळे धुवायला टाकलेत."

"लांब्या म्हणत होता, एका घराची चूक झाली. तिथून कधी धुणं येतच नाही म्हणे. मी काढून टाकू तो खिळा? एक घर काढलं की फेरा बदलतो, रात्रीपर्यंत नवीन निघेल."

मोठीनं चहा घेतला. बशीत ओतला, फुंकला, प्यायली नाही. "तुझ्या त्या मुंग्या. पहिल्यांदा अडकल्या त्या सुटल्या कशानं?"

नातीला आश्चर्य वाटलं. आजी विचारते म्हणजे ऐकते, असा प्रसंग दुर्मिळ. ती हौदाच्या काठावर बसली. "वास उडायला लावला. प्रत्येक फेऱ्यानंतर सगळ्या वाटांवरचा वास थोडा थोडा कमी करायचा. जी वाट खरंच चांगली आहे तिच्यावर परत पडतो. जी नुसती जुनी आहे तिचा उडून जातो. वास उडाला नाही ना आजी, तर पहिल्यांदा जे सापडलं तेच सगळे जन्मभर धरून बसतात. विसरणं हा त्यातला अर्धा शहाणपणा आहे."

"आणि जे विसरता येत नाही त्याचं?"

"हिशेबात तसं काही नसतं."

"नसेलच. हिशेब तुम्ही पोरांनी केलाय." मोठी उठली. गुडघा वाजला. "आणि भलतीकडे जाणाऱ्या त्या वेड्या मुंग्या? त्यांना काढून का टाकत नाहीस? फुकटचा चारा."

"त्यांना काढलं तर शोधणंच संपलं," नात म्हणाली. "आता गाडी कालव्यानं जाते, ती वाट अशाच एका वेडीनं काढली. पाऊण तास वाचतो. तुमच्या वेळी कुणी गेलंच नव्हतं का तिकडून?"

मोठी फळ्यापर्यंत चालत गेली. पक्कड खाली खोक्यात होती. तिनं ती घेतली, हिरव्या दोऱ्याच्या खिळ्याला लावली, आणि दाबली. नात मागे उभी आहे हे तिला माहीत होतं. खिळा गंजून लाकडाचा झाला होता, हलला नाही. हललाही असता. तिचा हात अजून ओल्या सतरंज्या पिळतो. "गेलं होतं," ती म्हणाली, आणि पक्कड खोक्यात टाकली. "राहू दे खिळा. तुझा फेरा कशाला बिघडवतेस."

शुक्रवारी तिनं चादर स्वतः इस्त्री केली, आणि इस्त्रीवाली सगळ्यांना सांगत सुटली की आज सूर्य खालून उगवलाय. शनिवारी कपडे परत पोचवायचा दिवस. लांब्या गठ्ठे भरत होता, तेवढ्यात मोठी पायात चपला घालून गाडीच्या पुढच्या सीटवर चढली. मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेली एक चादर.

"मोठ्याबाई, तुम्ही कुठं?"

"दुकानात बसून बसून बुरशी आली. चल."

"आधी दवाखाना, मग पेठेतली अकरा घरं, फोनवर तसं—"

"माहीत आहे मला कसं. मुंग्यांच्या मनाप्रमाणे जा."

गाडी प्रत्येक घराशी थांबत होती, लांब्या दुमडून उतरायचा, उलगडायचा, गठ्ठा द्यायचा. अकरावं घर, पंधरावं. पूर्वीच्या सवयीनं प्रत्येक चौकात तिचं अंग डावीकडे झुकायचं, वीटभट्टीकडे, आणि गाडी उजवीकडे जायची, आणि ती दारावर आदळायची. तिनं सीटचा कोपरा धरून ठेवला. मग कालवा लागला. अरुंद रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला घरांच्या पाठी, वाळत घातलेले कपडे, कुणाची सायकल, एक उलटी घातलेली कढई. ही वाट तिनं कधी पाहिली नव्हती. एकतीस वर्षं आणि त्याआधीचीही सगळी. पण धाकटीनं तिला ती रोज संध्याकाळी सांगितलेली होती, घड्या घालताना, तोंडात चिमटे धरून: इथं एक माणूस बदकांशी भांडतो, इथं पाण्यात आकाश पडतं ते काढायला कुणी येत नाही, इथं एका परसात एवढं मोठं पांढरं फूलझाड. मोठी म्हणायची, बडबड कमी आणि ओढ. फूलझाड नव्हतं आता. खोड होतं. आकाश होतं पाण्यात, तसंच, कुणी काढलेलं नव्हतं. लांब्याच्या गाडीची चाकं काळ्या मातीतून जात होती आणि किती लवकर जात होती, किती कमी अंतर होतं, हे मोठी बघत राहिली. त्या दिवशी धाकटी या वाटेनं आली असती तर वेळेत पोचली असती. निदान पाऊण तास आधी. मोठीनं हिशेब पुरा केला, पहिल्यांदाच, आणि तो बरोबर आला.

दार उघडंच होतं. सांभाळणारी बाई बाजूला झाली. खोली लहान, शिलाई मशिनवर कापडी आच्छादन, खिडकीत पाणी. पलंगावर धाकटी होती. तिच्या जागी मोठीच्याच तोंडाचं एक वाळलेलं तोंड होतं असं मोठीला क्षणभर वाटलं, उशीत खोल गेलेलं, मग त्यातून डोळे वर आले आणि ती धाकटी झाली. पलंगावर चादर नव्हती, नुसती गादी, आणि ती गादीच्या उजव्या कडेला होती. दोन दिवस तशीच असावी. दुसरी चादर घरात होती की नव्हती, की घालू दिली नव्हती, हे मोठीनं विचारलं नाही. तिनं पुडकं छातीशी धरलं होतं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं खळ घातलेल्या कापडासारखी ताठ झाली आणि तोंडातून वळेनात.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. आवाज आला तो बारीक, पण त्यातली धार गेलेली नव्हती.

"कुठल्या वाटेनं आलीस ताई?"

"तुझ्या."

"माझ्या वाटेनं?" धाकटीच्या ओठांचं एक टोक हललं. "मग इतका उशीर कसा झाला?"

बाहेर लांब्यानं गाडीचं दार लावलं. सांभाळणारी बाई पाणी आणायला आत गेली. मोठी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, जिथं ती बाबांच्या वेळी बसली होती.

"चाक धूत बसले होते," ती म्हणाली.

खिडकीतल्या पाण्याचा उजेड छतावर डुलत होता, तो डुलत राहिला. धाकटीनं डोळे मिटले, आणि मोठीला वाटलं, झालं, संपलं, मी परत उशिरा आले. मग डोळे उघडले.

"पाहिलं होतं मी. न्हाणीच्या खिडकीतून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती मन लावून धूत होतीस." धाकटीनं दम घेतला. "म्हटलं, होऊ दे स्वच्छ. मग येईल."

मोठीच्या हातातल्या पुडक्याचा कागद फाटला. चादर उलगडून खाली लोंबली, तिची मधली शिवण, तिचा हिरवा टाका. ती सावरायला गेली तर दोन टोकं हातात आली आणि दोन जमिनीकडे निघाली. तशीच उभी राहिली ती, बावळटासारखी, चाळीस वर्षं लाँड्री चालवणारी बाई.

"आता काय जमीन पुसतेस का तिनं?" धाकटी म्हणाली. तिनं पांघरुणातून हात बाहेर काढले. मनगटं काटकुळी झाली होती, पण बोटं पुढे झाली ती बरोबर त्याच अंतरावर, एकमेकांपासून एक चादर दूर. "दे इकडे. धर तिकडची."

मोठीनं टोकं दिली. मागे गेली. चादर दोघींच्या मध्ये सैल पडून होती, मध्ये हवेचं पोट धरून.

"ओढ," धाकटी म्हणाली. "तुला कधी ओढता आलं नाही."

मोठी मागे झुकली. अगदी थोडी. पलीकडून ओढ आली, बारीक, पण कण्यातून. चादर ताणली गेली आणि मध्यावरची गाठ वर आली. मग मोठी चालायला लागली, एक एक पाऊल, टोकं हातात धरून, पलंगाच्या डाव्या बाजूकडे, जिथं भिंत होती आणि गादीवरची जागा रिकामी होती.